देवाला बूट घालून आंघोळ

भाऊजी,

तुमच्या तेराव्याचं जेवण उत्तम झालं, असं सगळेच म्हणाले. तुम्ही असता तर आमटी पातळ झाली म्हणून आचाऱ्याला दोन शब्द ऐकवले असते आणि मग तीच आमटी तीनदा मागून घेतली असती. लोक जेवत होते, हात धूत होते आणि जाता जाता तुमच्या सुनंदाला एकच वाक्य ऐकवत होते, "देवाच्या कामात गेला माणूस. असं मरण भाग्यवंतालाच येतं." नारायणगुड्याच्या तुमच्या आतेबहिणीनं सांगितलं, मग सुलतान बाजारातल्या तुमच्या कापडवाल्या मित्रानं, मग भटजींनी. प्रत्येक वेळी सुनंदा मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं थोडं बरं दिसायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात ओठ मिटून उभी होते, कारण तुमच्या भावानं सकाळीच बजावलं होतं, "आज तू काही बोलायचं नाहीस."

नाही बोलले. वहिनीला बोलू दिलं नाही तर तिचं पोट फुगतं, असं तुम्हीच म्हणायचात. म्हणून आता तुमच्याशीच बोलते.

मी तुमच्यावर रागावले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण गेलेल्या माणसानं असं जाऊ नये हेही कुणीतरी सांगायला हवं होतं. रडून झालं माझं. आता नुसता राग उरलाय, आणि तो घरातल्या भांड्यांवर निघतोय. काल तुमचे भाऊ म्हणाले, हळू ठेव, कढई फुटेल. कढई कशी फुटेल हो? लोखंडाची आहे.

मी लग्न होऊन पुण्याहून काचीगुड्याला आले तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात. मला इथलं एक अक्षर कळायचं नाही. भाजीवाली काय म्हणते ते तुम्ही सांगायचात, आणि मुद्दाम चुकीचं सांगायचात. पहिल्या महिन्यात मी सारखी रडायचे. सासूबाईंना वाटायचं, सुनेला घर आवडलं नाही. एका संध्याकाळी तुम्ही मला स्टेशनवर घेऊन गेलात, दोन प्लॅटफॉर्म तिकिटं काढलीत आणि मनमाडकडे जाणाऱ्या गाडीसमोर मला उभं केलंत. "बघा, गाडी हाये. रोज जाते. कुठं पळून नै गेली," असं म्हणालात. गाडी सुटायला लागल्यावर घाबरून माझ्या पदराचं टोक धरलंत आणि म्हणालात, "चढू नका फक्त." त्यानंतर मी माहेरासाठी कधी रडले नाही. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही ते साऱ्या गल्लीत सांगितलं असतंत.

सासऱ्यांनी गावची जमीन विकली तेव्हा शेतातलं एकच काही आपल्याबरोबर शहरात आलं, ते म्हणजे ट्रॅक्टर. तुमच्या भावानं बँकेत नोकरी धरली आणि तुम्ही ट्रॅक्टरला नोकरीला लावलंत. पाडलेल्या घरांचा मलबा, विटा, सिमेंट, भाद्रपदात गणपती. पुढे दुसरा घेतलात, आणि मग ते थोरला नि धाकटा झाले. सुनंदा म्हणायची, यांना दोन पोरं आहेत आणि दोन्ही डिझेल पितात.

मग तुम्ही राणीगंजातून ते पाण्याचं प्रेशर मशीन आणलंत. त्याचं इंग्रजी पुस्तक मला वाचायला लावलंत, कारण तुमचा चष्मा नेहमीप्रमाणे कुठेतरी बसून राहिला होता. मी वाचत गेले, तुम्ही "हौ, हौ" म्हणत गेलात. मला वाटलं, एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडताहेत. पण नाही. त्या दिवसापासून आवारात ट्रॅक्टर धुणं हे एक कर्मकांड झालं.

फेरीवरून आलेल्या ट्रॅक्टरला लगेच पाणी लावायचं नाही, इंजिन निवू द्यायचं. तोवर चहा. मग ब्रेक ओढायचा, चाकांना दगड लावायचे, बॅटरीची तार सोडवायची, आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाला नि सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधायची. "नाकात पाणी गेलं तर माणूस ठसकतंय, हे ठसकायला बी वाचायचं नाही," म्हणायचात. रेडिएटरच्या जाळीवर लांबूनच, हलकी धार. ग्रीस भरतात त्या सांध्यांना धार दाखवायची नाही, चुकून गेलीच तर पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. टायरपासून हातभर अंतर. मशीनची वायर पाण्यातून न्यायची नाही, प्लग उंचावर, कोरडा. काम संपल्यावर मशीन बंद करून पाणी सोडायच्या गनचा खटका पुन्हा एकदा दाबायचा, म्हणजे पाइपात अडकलेला जोर निघून जातो. डोळ्यांवर चष्मा, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट.

बुटांवर तर तुमचा काय तो कटाक्ष! आपला यादगिरी, इतक्या वर्षांचा ड्रायव्हर, तुमच्याच वयाचा, एकदा स्लिपर घालून धुवायला लागला. तुम्ही मशीनचा प्लग उपटलात आणि ओरडलात, "इसको पानी नक्को समझ! चाकू है, चाकू!" बिचारा दोन दिवस तुमच्याशी बोलला नाही. पण त्यानं बूट घातले.

आणि नोझलांची ती नावं. मशीनबरोबर निरनिराळ्या रंगांची तोंडं आली होती. पांढऱ्यातून पंख्यासारखं रुंद पाणी पडायचं, सगळीकडे सारखं आणि कुणाला न दुखवता. त्याचं नाव सुनंदा. लाल सगळ्यात बारीक, त्यातून सुईसारखी एकच धार. तिचं नाव तुम्ही ठेवलंत वहिनी. "तोंड लहान, पन लांबून बी लागतंय." साऱ्या आवारात ते नाव चाललं. वहिनी लाव, वहिनी काढ. मी एक आठवडा फणफणले आणि मग मलाही हसू यायला लागलं. वहिनी ट्रॅक्टरला लावायचीच नाही, रंग खरवडून जातो, टायर फाटतो, हा नियम होता. कुठे सिमेंट वाळून दगड झालं असेल तर आणि तरच.

इतकं सगळं ज्याला कळत होतं त्या माणसानं वर्षातून एक दिवस शहाणपण गेटाबाहेर काढून ठेवावं? खंडेनवमीला सकाळी आपण सगळे आवारात यायचो. झेंडूची तोरणं, ऊस, नारळ. तुम्ही नवं धोतर नेसायचात आणि बूट, चपला, सगळं गेटाशी काढून ठेवायचात. तुमचं पाहून यादगिरी काढायचा, धाकट्यावरचा ड्रायव्हर काढायचा. आणि मग अनवाणी पायांनी, साबणाच्या फेसात उभे राहून, तुम्ही त्याच मशीननं थोरल्याला धुवायचात. आज धुणं नाही, आज स्नान, असं तुमचं म्हणणं.

दर वर्षी आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, बूट घाला. तुम्ही म्हणायचात, "देवाला बूट घालून आंघोळ घालतात का, वहिनी?"

"देवाला प्रेशर मशीननं पण घालत नाहीत. तांब्यानं घाला."

"तांब्यानं थोरल्याला घालायला बसलो तर पुढचा दसरा उजाडंल."

"मग बूट घाला."

"पुण्याच्या लोकांना भाव कळत नै."

"भाव कळतो. पाय पण कळतात."

मग सगळे हसायचे, तुम्ही खटका दाबायचात, आणि आवाजात माझं पुढचं कुणाला ऐकू यायचं नाही.

मला आता त्यावर बोलायला सुचलंय, भाऊजी, आणि ऐकायला तुम्ही नाही. माझी आई नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यात करायची. पण चुलीवरचं पातेलं उतरवताना हाताला फडकं घ्यायचीच. ते फडकंही सोवळ्याचं असायचं, धुऊन वेगळं वाळत घातलेलं, दुसऱ्या कशाला न लावलेलं. हात भाजून घेतला की नैवेद्य जास्त पोचतो, असं तिला कधी वाटलं नाही. तसा बुटांचा एक जोड सोवळ्याचा ठेवला असता तर? कोरा, फक्त नवमीचा, कुंकू लावून देवघराखाली ठेवलेला. तुम्ही आधी पोट धरून हसला असतात, आणि मग नक्की घेऊन आला असतात. तुमच्या भाषेत सांगायला हवं होतं ते मी इतकी वर्षं माझ्या भाषेत सांगत राहिले.

या वर्षी आदल्या दिवशी थोरला सिमेंटच्या कामावरून आला होता. मागच्या चाकाच्या रिमला सिमेंट चिकटून वाळलं होतं. बाकी सगळं तुम्ही पांढऱ्यानं धुतलंत, आणि मग रिमसाठी यादगिरीला हाक मारलीत, "वहिनी दे रे." मी सुनंदाबरोबर आरतीचं ताट लावत होते. मी "काय?" म्हणून वळले, आणि सगळे हसले. मीसुद्धा.

म्हणून मी पाहत होते. तुमचा डावा पाय फेसावरून सरकला, तुम्ही चाकाला धरलंत, आणि गन खाली आली. क्षणभरच. खटक्यावरचं बोट सुटलं, पाणी थांबलं.

"काय झालं, भाऊजी?"

"कुछ नै, वहिनी. मुंगी चावल्यावानी झालं."

मी वाकून पाहिलं. पायाच्या वरच्या बाजूला एक टिपका होता. रक्त नाही, काही नाही. साडीला लावायची पिन टोचल्यावर याहून जास्त दिसतं. साखरेच्या आजारानं तुमच्या पायांना तसंही अर्धंच कळायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुनंदानं ताटातली हळद चिमटीत घेतली आणि त्या टिपक्यावर दाबली. तुम्ही म्हणालात, "चला, थोरल्याच्या आधी माझीच पूजा झाली." मग नारळ फोडलात, आरती म्हणालात, सगळ्यांना पेढे दिलेत. तुमचा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता.

दसऱ्याला तुम्ही सोनं वाटायला घराबाहेर पडला नाहीत. पाय जड झालाय म्हणालात. सणाच्या दिवशी दवाखाना नको, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पोटरीपर्यंत सूज होती, कातडी तकतकत होती आणि दाबली की बोटांना आत कुरकुरल्यासारखं लागायचं.

डॉक्टर तरुण होता. "किस से लगा?" म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, पाण्यानं. "सिर्फ पानी?" मी मशीनचं सांगितलं तेव्हा त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. त्यानं मला बाहेर व्हरांड्यात नेऊन समजावलं. भोक वरून एवढंसं, पण पाणी कातडीखालून वर पसरत गेलं, आणि जाताना चाकावरची माती, ग्रीस, शेण, साबण, सगळं आत घेऊन गेलं. बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, म्हणून माणसं घरी बसतात. अशी जखम दिसायला कितीही लहान असली तरी त्याच तासाला दवाखान्यात यायचं असतं. हळदीचं मी स्वतःहून विचारलं. तो म्हणाला, हळदीनं काही बिघडलं नाही, बिघडायचं ते आत आधीच गेलेलं होतं. मी तेवढं वाक्य सुनंदासाठी जपून ठेवलं, कधी लागलंच तर द्यायला.

पाय उघडला, साफ केला, पुन्हा उघडला. मग गुडघ्याखाली काढला. मग ताप उतरेना.

शस्त्रक्रियेनंतर एकदा तुम्ही शुद्धीवर होतात आणि मी एकटीच जवळ होते. तुम्हाला बोलवत नव्हतं, तरी थट्टा सुटली नव्हती. "शेवटी वहिनीच लागली मला," असं म्हणालात. तुमचा शेवटचा विनोद तो. तो मला एकटीला सांभाळायचाय आता, कारण कुणाला सांगण्यासारखा नाही. सांगितला तर लोक म्हणतील, असं मनाला लावून घेऊ नका. मनाला लावून नाही घेतलं मी. तुम्ही तो मला हसवायला केलात हे मला माहीत आहे. पण मला हसू आलं नाही, आणि ते तुम्ही पाहिलंत.

मग तुम्ही म्हणालात, "सुनंदाला काय बी बोलू नका. देवानं केलं म्हणायलीये ना ती? तिला वाटायलंय ते वाटू द्या."

"आणि बाकीच्यांना? पुढच्या वर्षी तेही अनवाणीच धुतील, भाऊजी."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, ग्लानी आली. आता वाटतं, ग्लानी नव्हती ती. सुनंदाजवळ दोनच गोष्टी होत्या. तिची ती चिमूटभर हळद, आणि देवाच्या कामात गेले हे वाक्य. दुसरी गोष्ट काढून घेतली असती तर ती पहिलीकडे बघत बसली असती. म्हणून तेराव्याला मी गप्प राहिले. तुमच्या भावाच्या धाकानं नाही, तुमच्या शब्दाखातर. एवढं तरी तुम्हाला ठाऊक असावं.

काल सकाळी आम्ही दोघी आवारात गेलो. थोरला नवमीपासून जागचा हलला नव्हता. तोरण सुकून बॉनेटवर चिकटलं होतं, वर धूळ, पक्ष्यांची घाण. यादगिरीनं विचारलं, कामाला काढू का? सुनंदा म्हणाली, "आधी धू." ती बाकावर बसली. मी तिच्या शेजारी.

यादगिरीनं सगळं तुमच्यासारखं केलं. दगड, तार, पिशव्या. प्लग उंचावर. मग तो गेटाशी गेला, वाकला आणि पायातले बूट काढले. जोडीनं नीट ठेवले, आणि नुसत्या पायांनी परत आला. नवमी नाही, दसरा नाही, साधा कामाचा दिवस होता.

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी तुमचा शब्द आठवून पदर तोंडाला लावला.

"यादगिरी," सुनंदानं हाक मारली. "बूट कायकू निकाले?"

तो गन हातात घेऊन उभा राहिला. "सेठ इसीच के वास्ते गए ना अम्मा. भगवान के काम में गए बोलके सब लोगां बोल रहे. उनकी गाडी को मैं बूट पैन के कैसा धोऊं?"

सुनंदानं त्याच्या पायांकडे पाहिलं. मी तिच्या हातावर हात ठेवला. ती उठली, गेटापर्यंत गेली, ते चिखलाचे बूट उचलून आणले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले. तो संकोचानं मागे सरकला. तुमच्या हयातीत तिनं ड्रायव्हरशी मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"पैन," ती म्हणाली. "भगवान नै ले गया उनको. पाँव में कुछ नै था."

त्यानं बूट घातले. मशीन सुरू झालं. सुनंदा माझ्याजवळ येऊन बसली आणि त्या आवाजात मला मराठीत म्हणाली, "त्यांच्या पायात काही नव्हतं, आणि मी वर हळद लावली." मी डॉक्टरांचं जपून ठेवलेलं वाक्य तिला दिलं. तिनं ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, ते मला सांगता येणार नाही.

तुमचे ड्रायव्हर आता बूट काढणार नाहीत, भाऊजी, नवमीलाही नाही. तेवढं झालं. पण संध्याकाळी तुमची आतेबहीण आली, तेच वाक्य बोलली, आणि या वेळी सुनंदानं मान हलवली नाही. तुम्हाला चांगलं मरण आलं, असं म्हणणारं आता आपल्या घरात कुणी राहिलं नाही.